गाणे भरू नये

पांढुर्ण्यापासून सौंसरपर्यंत कुठल्याही घरी पाणी प्यायला थांबा आणि देवांच्या फोटोंच्या आजूबाजूची भिंत बघा. बऱ्याच घरांत खिळ्याला वीतभर लाकडी पट्टी टांगलेली दिसेल. पट्टी संत्र्याच्या पेटीची. तिच्यावर लाल ऑइलपेंटनं नवरा-नवरीची नावं, खाली लग्नाचं गाव, आणि त्याखाली जरा मोठ्या अक्षरांत एक सूचना: 'गाणे भरू नये'. पट्टीच्या टोकाला भोक, भोकात तार आणि तारेला लटकलेला पेनड्राइव्ह. नवीन माणसाला वाटतं, ही कुठल्या तरी गोदामाची किल्ली असावी.

ही भाऊंची पट्टी. भाऊ म्हणजे पांढुर्ण्यात स्टेशनच्या रस्त्यावर लग्नाच्या शूटिंगचं दुकान चालवणारे गृहस्थ. त्यांचं खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण पाटीवर पोस्टरं इतकी चिकटली होती की ते वाचायची सोय नव्हती. किडकिडीत अंग, भर उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट, चष्म्याला दोरी, आणि ट्रायपॉडच्या हुकाला लटकणारा तीन पुडांचा जेवणाचा डबा. लग्नघरी पाचशे माणसांचा स्वयंपाक शिजत असला तरी भाऊंचा डबा सोबत असायचाच. डब्याबद्दल नंतर सांगतो.

पट्टीचा जन्म तिगावच्या रस्त्यावर झाला. भाऊ मोटारसायकलवरून एका साखरपुड्याच्या शूटिंगला निघाले होते. समोरून कापसाची ट्रॉली ओढत एक ट्रॅक्टर आला. ट्रॅक्टरवर गाणं असं वाजत होतं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंची ढोरं मान वर करून बघत होती. भाऊंची नजर गेली ती थेट टेपकडे. टेपला निळा पेनड्राइव्ह, आणि त्यावर नेलपॉलिशचा पांढरा ठिपका. तो ठिपका भाऊ स्वतःच्या हातानं प्रत्येक पेनड्राइव्हला देत असत. त्यांनी मोटारसायकल रस्त्यात आडवी लावली.

"याच्यात तुह्या भावाचं लगन होतं," ते ट्रॅक्टरवाल्याला म्हणाले.

"होतं ना जी. जागाच नाई उरली गाण्याले, म्हणून मिटवलं."

भाऊ तिथंच रस्त्याच्या कडेला दगडावर बसून राहिले. साखरपुड्याची मंडळी फोनवर फोन करत होती आणि हे उचलत नव्हते. दुसऱ्या दिवशी त्यांनी पेट्या ठोकणाऱ्या एका सुताराकडून फळ्यांची मोळीच आणली. त्यांचा हिशेब सरळ होता. एवढं लांब लाकूड लटकवलेला पेनड्राइव्ह ट्रॅक्टरमध्ये लावला तर ते गिअरमध्ये अडकणार, खिशात ठेवला तर टोचणार, आणि हरवायचं म्हटलं तरी हरवणार नाही. लोक हसले. एकानं तर विचारलं की याच्यासोबत पाचर पण देता काय. भाऊंनी त्याचं काम परत केलं.

काम परत करणं हा भाऊंचा आवडता उद्योग होता. "लवकर पायजे," असं कोणी म्हटलं की ते म्हणत, "घाई असंन तर दुसरं लगन करून घ्या, ते दुसऱ्याकडून काढा." दोन दोन महिने लोक चकरा मारत. मग एक दिवस भाऊंचाच निरोप येई: अमुक वारी घरच्या सगळ्यांनी हजर राहायचं.

कारण भाऊ पेनड्राइव्ह दुकानातून देत नसत. ते घरी घेऊन येत, आणि पैसे देणाऱ्या माणसाच्या हातात न देता घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाईच्या हातात देत. तिनंच तो स्वतःच्या हातानं टीव्हीला लावायचा. म्हाताऱ्या घाबरत, करंट लागेल म्हणत. "माय, पेटीले चावी लावता ना, तसंच हाय," भाऊ सांगत. मग ती उलटा लावे, मग सुलटा, मग पुन्हा उलटा, आणि भाऊ हात मागं बांधून उभे. कोणी नातू मदतीला पुढं झाला की ते डोळ्यांनीच त्याला बसवत. एकदाचा तो लागला की पूर्ण तीन तास सगळ्यांनी बसून बघायचं. कोणी उठलं की भाऊ रिमोटनं चित्र थांबवत आणि तो माणूस परत येईपर्यंत छताकडे बघत बसत. लोधीखेड्याला एका घरी जावयाला झोप लागली. भाऊंनी त्याला उठवलं आणि लग्न हळदीपासून पुन्हा सुरू केलं.

पांढुर्णा जिल्हा झाल्यावर गावात दुकानं वाढली. नवीन पोरं ड्रोन उडवू लागली आणि लग्न फोनवर पाठवू लागली. मी एकदा म्हटलं, "भाऊ, तुम्ही पण लिंक पाठवा ना. बसल्या जागी काम होते."

"लिंक म्हणजे रस्ता हाय," ते म्हणाले. "मले रस्ता नाई द्याचा, घर द्याचं हाय."

त्यांचा आणखी एक नियम होता, आणि माझ्या गोष्टीत तोच आडवा आला. लग्न घरी दाखवून झालं की भाऊ पिशवीतून लॅपटॉप काढत, घरच्या सगळ्यांच्या देखत ते लग्न त्यातून मिटवत, आणि रिकामी झालेली जागा बोटानं दाखवत. दोन पेनड्राइव्ह, एक माहेरी, एक सासरी. तिसरी प्रत जगात नाही. पूर्वी गावातल्याच एका दुकानातून कुठल्याशा मुलीचा हळदीतला नाच बाहेर फिरला होता. त्या मुलीला त्याचा इतका त्रास झाला की तिच्या बापानं घर विकून गाव सोडलं. त्यात भाऊंचा काही संबंध नव्हता. पण तेव्हापासून ते म्हणत, "दिलेलं लगन मी घरात ठेवत नाई. लोकाची पोरगी हाय ती."

आता डबा. भाऊ लग्नात जेवत नसत. कॅमेरा नवीन होता त्या काळात एका लग्नात ते पंगतीला बसले, आणि नेमक्या त्या दहा मिनिटांत नवरीच्या आजीनं आपल्या गळ्यातली पोत काढून नातीच्या गळ्यात घातली. महिन्याभरात आजी गेली. घरचे आले, ती घटका दाखवा म्हणाले. ती कुठंच नव्हती. तेव्हापासून भाऊ डबा आणत आणि सगळं आटोपून परत जाताना रस्त्यात कुठं तरी झाडाखाली बसून खात. "जेवलेल्या माणसाले पान दिसते," ते म्हणत, "उपाशी माणसाले सारं दिसते."

या एका गोष्टीवरून त्यांची आणि माझ्या बाबांची कायमची जुंपलेली असायची. बाबा संत्रामंडीत बोली पुकारायचे. सकाळी मंडीत त्यांचा आवाज सुरू झाला की स्टेशनवर गाडीची सूचना ऐकू येत नाही, असं लोक म्हणायचे, आणि ते फार खोटं नव्हतं. या आवाजामुळं आजूबाजूच्या सगळ्या लग्नांत बाबांना बोलावणं असायचं ते पंगतीसाठी. "बसा हो मंडळी, बसा! पंगत बसून राहिली! पाहुणे समोर, गावचे मांगं, पोट्टेहो, पानं तुडवू नका!" त्यांनी हाक दिली की मांडवात गोंधळ राहत नसे. सगळे बसले, उठले, वाढपीसुद्धा जेवले की बाबा शेवटी कॅमेऱ्याकडे वळायचे. "कॅमेरावाले, बसा आता."

"काम करून राहिलो दादा."

हा संवाद मी लहानपणापासून इतक्या लग्नांत ऐकला होता की तोही लग्नाचाच एक विधी आहे असं मला वाटे.

माझ्या बहिणीचं लग्न भाऊंनीच काढलं. पट्टी आमच्या घरी आली. आईनं तीनदा उलटसुलट करत पेनड्राइव्ह लावला आणि आम्ही सगळ्यांनी तीन तास बसून ते पाहिलं. बाबांनी पंगत बसवली तेही त्यात होतं, आणि पाठवणीच्या वेळी सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात जावयाला "पोरीले जपजो रे बाप्पा" म्हणताना अर्ध्यातच त्यांचा आवाज फाटला, तेही होतं. भाऊंनी ते मिटवून रिकामी जागा दाखवली, आणि आईचा आग्रह मोडून डबा घेऊन निघून गेले.

पुढच्या हंगामात मी ट्रॅक्टर घेतला. त्याला चांगली टेप होती. पहिली खेप भरायची होती, दुकानं बंद होती, आणि माझ्याजवळ पेनड्राइव्ह नव्हता. खिळ्यावर एक होता. मी स्वतःला समजावलं की लग्न तर सगळ्यांनी दहादा पाहिलंय, आणि सासरी दुसरा आहेच. 'गाणे भरू नये' हे वाचत वाचत मी पकडीनं तार तोडली आणि गाणे भरले. हंगाम संपल्यावर पेनड्राइव्ह पुन्हा पट्टीला लावून खिळ्यावर टांगून ठेवला. तार अशी पिळली होती की कोणाला कळू नये. म्हणजे मी काय करत होतो ते मला चांगलं कळत होतं.

त्यानंतर बाबांचा घसा बसला. आयुष्यभर तंबाखू-सुपारीचा खर्रा खाल्लेला. नागपूरच्या डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढून टाकलं. बाबा जगले. गळ्याभोवती पांढरं फडकं, हातात पाटी आणि खडू, असे ते घरी आले. मंडीतले लोक भेटायला यायचे, एकटेच बोलायचे आणि लवकर उठायचे. महिनाभरानं एका दुपारी आई म्हणाली, "ती पट्टी काढ. पोरीचं लगन पाहू. तुह्या बाबाचा आवाज तरी ऐकू."

मला बोलायला हवं होतं. मी पट्टी काढून दिली. आईनं पेनड्राइव्ह लावला, या वेळी पहिल्याच खेपेला बरोबर लागला, आणि घरभर डीजे दणाणला. बाबा आधी हसले. त्यांना वाटलं काही तरी चुकून लागलं. मग त्यांनी हात लांब करून पट्टी ओढून घेतली, पिळलेली तार बघितली, आणि माझ्याकडे न बघता ती पुन्हा आईच्या हातात दिली. मला त्या वेळी मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी पाटीवर शिवी लिहिली असती तरी बरं वाटलं असतं.

आमच्या फोनमध्ये बाबांचे फोटो होते, आवाज एकही नव्हता. घरच्या माणसाचा आवाज कोण साठवून ठेवतो? मी तसाच लोधीखेड्याला बहिणीच्या सासरी गेलो. तिच्या सासऱ्यांनी देवघरातून पट्टी आणून दिली. मी लावून बघितली. एकामागून एक भजनं.

"मामाजी, याच्यात लगन होतं."

"होतं ना."

"पट्टीवर लिवलं होतं."

सासऱ्यांनी चष्मा लावून पट्टी पुन्हा वाचली आणि शांतपणे म्हणाले, "गाणे भरू नये, असं लिवलं हाय. म्या गाणे कुठी भरले? भजन भरले जी."

भाऊंच्या दुकानात गेलो तेव्हा ते नव्या पट्ट्यांना कानस घासत होते. मी सगळं सांगितलं. माझं, सासऱ्यांचं, बाबांचं. घासता घासताच त्यांनी विचारलं.

"तार कायनं तोडली?"

"पक्कडनं."

"चांगली तार होती." त्यांनी कानस खाली ठेवली. "तुही चूक हाय. पण माह्याजवळ तिसरं ठेवलं असतं तं आज काम झालं असतं. अर्धी माही बी हाय." एवढं बोलून त्यांनी दोन्ही पेनड्राइव्ह मागून घेतले.

मिटवलेलं परत काढायचं काही तरी तंत्र असतं. भाऊ दोन दिवस त्यावर बसले. गाणी आणि भजनं वर बसलेली, खालून लग्नाचे तुकडे निघाले, ते हिरवे, चौकटी चौकटींचे. एका तुकड्यात बाबा ओळखू आले. मांडवात उभे, हात वर केलेला, तोंड हलतंय, आणि आवाज नाही.

भाऊंनी स्क्रीन बंद केली. "हे घरी नाई न्याचं. असे तं ते आत्ता घरी हायतच."

मला वाटलं संपलं. मी चपला घालत होतो, तेवढ्यात मागून आवाज आला.

"तुह्या बापाचा आवाज काय एका लग्नात मावते काय बे?"

दुसऱ्या दिवशी ऐन लग्नसराईत भाऊंनी दुकानाला कुलूप लावलं. मोटारसायकलवर मी मागं, मांडीवर लॅपटॉप, आणि हँडलला डबा. आपण काढलेली सगळी लग्नं त्यांना पाठ होती, वहीत न बघता. कोणत्या लग्नात पंगत कोणी बसवली हेही आठवत होतं. "त्या घरी तुह्या बापानं आंब्याच्या झाडाखाली बसवली होती," असं म्हणत ते गाडी आत वळवायचे. दारात उभे राहून पहिलाच प्रश्न: "पट्टी हाय?"

पट्टी असायची. पेनड्राइव्हमध्ये काय असेल याचा नेम नव्हता. तिगावच्या दोन घरी गाणे निघाले. एका घरी गव्हाच्या फवारणीची माहिती होती. एके ठिकाणी पट्टीनं खिडकी अडवलेली होती आणि पेनड्राइव्ह कुठं गेला ते कोणालाच सांगता येईना. भाऊ रागावले नाहीत. पाणी पीत, "बरं," म्हणत आणि उठत. मला राहवेना. तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, "भाऊ, राहू द्या. लोकाइनं सारं मिटवलं."

"साऱ्याइनं नाई मिटवलं. तू एका लग्नाचा हिशेब साऱ्या जिल्ह्याले लावू नको."

आणि खरंच, साऱ्यांनी मिटवलं नव्हतं. पांढुर्ण्यातल्याच एका गल्लीत एका बाईनं दार उघडलं. तिच्या मुलीचं लग्न मोडलं होतं, मुलगी घरी परत आली होती, आतल्या खोलीत तिच्या शिलाई मशीनचा आवाज येत होता. पट्टी कपाटात अगदी खाली, साड्यांच्या मागं होती. "आवाज घ्या," ती बाई हळूच म्हणाली, "बाकी काही पाहू नका जी." भाऊंनी कानाला हेडफोन लावला, लॅपटॉपचा पडदा भिंतीकडे वळवला आणि डोळे मिटून पूर्ण लग्न नुसतं ऐकलं. पूर्ण तीन तास. बाबांची हाक आली तिथं बोटानं खूण करत होते. निघताना त्या बाईला त्यांनी वाकून नमस्कार केला. इतक्या वर्षांत मी त्यांना कोणापुढं वाकताना पहिल्यांदा पाहिलं.

शेवटचं घर सौंसरचं. नगरपालिकेतून निवृत्त झालेल्या एका बौद्ध गृहस्थांचं. त्यांच्याकडे पट्टी खिळ्यावर नव्हती, कागदपत्रांच्या डब्यात होती, धुतलेल्या रुमालात गुंडाळून. त्यांच्या बायकोनं मला निरखून पाहिलं. "तू त्यायचा पोरगा काय? तुहे बाबा आमच्याकडे नुसते हाक द्याले नव्हते आले. शेवटी घरच्याइच्या पंगतीत बसून पोटभर जेवून गेले. आमच्या सासूबाईनं मरेस्तोवर नाव घेतलं." मग त्या बाईंनीच स्वतःच्या हातानं पेनड्राइव्ह लावला.

वंदना झाली, लग्न लागलं, आणि पंगतीत बाबांचा आवाज असा खणखणीत लागला की चहा घेऊन येणारी सून दारातच थांबली. पुढं पंगत उठली. पडद्यावर नवरी मैत्रिणींशी हसत होती, आणि त्या हसण्याच्या मागून बाबा बोलत होते.

"कॅमेरावाले, बसा आता. सगळे जेवले."

"काम करून राहिलो दादा."

"तुम्ही नेहमी तसंच म्हणता. सगळे बसले का मंग मी बसतो, हे तं तुम्हाले मालूम हाय. तुमच्यापायी मले बी उभं राहा लागते. एक पान नेहमीच उरते जी."

भाऊंनी चित्र थांबवलं. आपला आवाज ते प्रत्येक लग्नातून काढून टाकत. हा नवरीच्या हसण्याखाली दबून राहून गेला होता. ते चष्मा पुसू लागले. "हे कापाचं राहून गेलं," एवढंच म्हणाले. परतताना रस्त्यात कडुलिंबाखाली गाडी थांबली, पण डबा उघडला नाही.

सगळं जोडून झाल्यावर त्यांनी मला दुकानात बोलावलं. पट्टी तयार होती. वर बाबांचं नाव, खाली 'पंगत'. त्याखालची जागा कोरी. भाऊंनी ब्रश माझ्या हातात दिला. "लिही."

मी लिहिलं. 'भरू'चा ऊकार खाली वाहून गेला. भाऊंनी ते वाचलं, थोडा विचार केला आणि म्हणाले, "आन भजन बी." मग मी 'गाणे'च्या पुढं बारीक अक्षरांत 'भजन' घुसवलं.

ते रविवारी दुपारी आले. बहीण आणि तिचे सासरेही आले होते, सासरे अपराध्यासारखे कोपऱ्यात. आईनं पेनड्राइव्ह लावला. उलटा, सुलटा, पुन्हा उलटा. भाऊ हात मागं बांधून उभे.

"बसा हो मंडळी, बसा!"

आईनं तोंडाला पदर लावला. बहीण मोठ्यानं रडली. बाबा खुर्चीत ताठ बसले होते. तिगावच्या घरांतून काही मिळालं नव्हतं तरी सात लग्नं निघाली होती, सातही पंगती एकामागून एक बसत होत्या, आणि बाबांचा हात नकळत वर जात होता, पाहुणे समोर, गावचे मागं. ओठ हलत होते. पण आता आवाज होता. त्यांच्या आधी पोहोचत होता, घरभर होता, बाहेर रस्त्यावर जाणारी दोन माणसं थांबून आत बघत होती. मी बाबांच्या मागं उभा होतो. त्यांनी न वळता हात मागं करून माझं मनगट धरलं आणि शेवटपर्यंत सोडलं नाही.

सौंसरची पंगत शेवटी ठेवली होती. "एक पान नेहमीच उरते जी," बाबा म्हणाले आणि टीव्ही काळा झाला.

भाऊंनी पिशवीतून लॅपटॉप काढला, मिटवलं, रिकामी जागा दाखवली. या वेळीही नियम मोडला नाही. मग हँडलला लावायचा डबा उचलला आणि दाराकडे वळले. आईनं सकाळपासून वांग्याची भाजी, वरण, भात, बुंदी, सगळं पंगतीचं केलं होतं, पण आग्रह करायची तिची हिंमत होईना.

बाबा उठले. स्वयंपाकघरात गेले, पाट घेऊन आले आणि मधोमध टाकला. खडू-पाटीला हात लावला नाही. वाकून पाटावर तळहातानं दोनदा थापटलं आणि भाऊंकडे बघत उभे राहिले.

"काम करून..." भाऊ म्हणाले. तिथंच थांबले. कॅमेरा आणलाच नव्हता.

त्यांनी डबा दाराशी ठेवला, चपला काढल्या, शर्टाच्या बाह्या दुमडल्या आणि पाटावर बसले. आईनं पान वाढलं. सासरे बसले, मी बसलो, बहीण बसली, शेवटी आईलाही बाबांनी खुणेनं बसवलं. भाऊंनी पहिला घास घेतला आणि खाली मान घालून म्हणाले, "भाजीत थोडं तिखट चालते माय."

मग बाबांनी सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली, कोणी उभं नाही ना ते बघितलं, आणि आपला मऊ भात घेऊन भाऊंच्या शेजारी बसले.